बुंधा पाहिल्याशिवाय नाही

कलिंगड सगळेच वाजवून घेतात. आत्या पावसुद्धा वाजवून घ्यायची. बेकरीवाल्यानं कितीही तोंड वाकडं केलं तरी उजव्या हाताचं मधलं बोट वाकवून ती दोनदा टकटक करणार, कान जवळ नेणार आणि मगच पिशवी पुढे धरणार. मडकं, दार, भिंत, डॉक्टरांचं टेबल, तिच्या बोटातून काही म्हणून सुटलं नाही. तरुणपणी एका स्थळाकडच्या लोकांनी तिला घर बघायला बोलावलं होतं. चहा यायच्या आत हिनं त्यांच्या दिवाणखान्यातल्या कपाटाला टकटक केली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "आतून पोकळ आहे." मुलाची आई जी उठून स्वयंपाकघरात गेली ती परत बाहेर आलीच नाही. लग्न बारगळलं. आत्यानं त्याचं काही वाटून घेतलं नाही, कारण कपाट खरोखरच पोकळ होतं. भुशाच्या फळीवर लाकडाचं चित्र असलेला कागद डकवलेला, दुसरं काय.

ती हातानं फर्निचर बनवायची. खुर्च्या, मेजं, पलंग, कधी एखादं कपाट. गल्लीतली लहानथोर सगळीच तिला आत्या म्हणत, पण तिला हक्काची भाची एकच. धाकट्या भावाची मुलगी. तिच्याकडे येऊच, पण आधी आत्या अशी का झाली ते सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की बाई जन्मजातच खडूस होती. तशी ती थोडी होतीच, पण उरलेलं काम एका वखारवाल्यानं केलं.

तिचे वडील सुतार. त्यांच्या हाताखाली ती शिकली आणि ते गेल्यावर दुकान तिनं चालवायला घेतलं. पहिलंच मोठं काम आलं ते जेवणाच्या मेजाचं. वखारवाल्यानं पोटच्या पोरांची शपथ घेऊन सांगितलं, लाकूड चांगलं वाळलेलं आहे, डोळे मिटून घ्या. आत्यानं खरोखरच डोळे मिटून घेतलं. पहिला उन्हाळा लागला आणि गिऱ्हाईक पाहुण्यांना घेऊन जेवायला बसलेलं असताना ते मेज बंदूक उडावी तसा आवाज करून मधोमध फाटलं. लाकूड ओलं होतं, टोकांना रंग फासून झाकलेलं. वर असंही कळलं की ते कुठल्याशा राखीव रानातून चोरून तोडलेलं होतं. पंचक्रोशीत तिची जी शोभा झाली ती झालीच, पण तिला खरी टोचणी लागली ती झाडाची. उभं, निरोगी झाड तिच्या नावानं पडलं होतं आणि तिनं त्याची चौकशीही केली नव्हती.

तेव्हापासून तिचा नियम ठरला. बुंधा पाहिल्याशिवाय लाकूड घ्यायचं नाही. वादळात पडलेलं झाड, आतून किडलेलं, भिंतीत मुळं घुसली म्हणून काढावं लागलेलं, किंवा पाडलेल्या घराची जुनी तुळई, एवढंच तिच्या दुकानात यायचं. तेही कुणी सांगितलं म्हणून नाही. ती स्वतः जायची, जमिनीत राहिलेल्या बुंध्यापाशी उकिडवी बसायची, कापावरून हात फिरवायची, बुंध्यावरच्या वयाच्या वेढ्यांशी ओंडक्याचे वेढे ताडून बघायची. शेजाऱ्यापाजाऱ्यांना खोदून खोदून विचारायची, झाड खरंच पडलं की पाडलं? कुणी पाडलं? का? पोलिसांनी इतके प्रश्न विचारले असते तर गावात चोरी उरली नसती. सगळं पटलं की जवळपास त्याच जातीचं एक रोप लावायचं आणि मग ओंडका टेम्पोत.

शाळेच्या मैदानातली तुती अशीच आली होती. मुळांनी संडासाची भिंत उचलली म्हणून ती काढली होती. आत्यानं आधी बुंधा बघितला, मग भिंतीची भेग बघितली, मग शिपायाला बाजूला घेऊन विचारलं, "भेग आधीची की तुम्ही पाडलीत?" शिपाई बिचारा आठवडाभर बायकोला तेच सांगत होता. ती तुती मागच्या खोलीत पट्ट्यांच्या आधारानं रचून कित्येक वर्षं वाळत राहिली आणि मग तिच्या खुर्च्या झाल्या. तुतीचं लाकूड कापताना पिवळंधमक असतं, नंतर मधासारखं होत जातं. त्या खुर्च्या गावभर गेल्या. एक कोपऱ्यावरच्या शिंप्याकडेही गेली.

आणखी एक गोष्ट वडिलांकडून आलेली. आत्याच्या खुर्चीवर तिचं नाव कुठेच नसायचं. खुर्चीच्या आडव्या पट्टीला टोकाशी एक जीभ काढलेली असते, ती पायाच्या खाचेत बसते. सांधा बंद करायच्या आधी त्या जिभेच्या टोकावर आत्या पटाशीच्या कोपऱ्यानं एक उभी रेघ ओढायची आणि तिच्या खाली एक आडवी. जमिनीत रोवलेल्या खुंटासारखी खूण. मग सरस लावून सांधा बंद. ती खूण परत कुणाला दिसायची नाही. ज्याला नक्कल करायची असेल त्यानं आधी माझी खुर्ची मोडावी, असं ती म्हणायची. माझी खुर्ची मोडत नाही, असं पुढे म्हणायचीही गरज पडायची नाही.

आता भाची. बाप दूरच्या गावी नोकरीला गेला तेव्हा ती कामाला म्हणून आत्याकडे राहिली ती राहिलीच. आत्यानं तिला पहिलं वर्षभर पॉलिश पेपरशिवाय हातात काही दिलं नाही. पोरगी घासघास घासायची, आत्या डोळे मिटून फळीवरून तळवा फिरवायची आणि एकच शब्द म्हणायची, "अजून." पोरगीही चिवट. ती हळूहळू रंधा शिकली, पटाशी शिकली, आता तिशीला आली होती आणि तिच्या हाताला आत्याच्या हातासारखंच वळण होतं. आत्या जगात कुणावर विश्वास टाकत असेल तर हिच्यावर. म्हणजे दुकानाची दुसरी किल्ली तिच्याकडे होती. आत्याच्या हिशेबी हे फारच झालं.

आणि नेमकी तिथेच आत्याच्या मनात पाल चुकचुकली.

सुरुवात बारीकसारीक गोष्टींनी झाली. फळीवर रेघ मारायच्या हत्याराचा स्क्रू आपण लावतो तिथे राहत नाही, असं आत्याला दिसलं. काल मारलेली रेघ आज केसभर सरकलेली. पटाश्यांची धारही कुणीतरी हात लावल्यासारखी वाटायची. सरस पूर्वीसारखा धरत नाही, म्हणून तिनं सरसवाल्याला शिव्या घातल्या आणि दुसरा धरला. तोही चोर निघाला. चहाचे नवे कप आणले तर त्यांचे कान इतके लहान की चहा हिंदकळून बशीत यायचा. डॉक्टर तिच्या हाताकडे बघून नसांचं काहीतरी बोलले, तेव्हा तिनं त्यांचं टेबल पुन्हा एकदा वाजवलं आणि गोळ्या न घेताच घरी आली. "दुकान काढलंय त्यांनी," ती भाचीला म्हणाली. "औषध खपवायला नको?"

भाची काही बोलली नाही. हेही आत्यानं मनात नोंदवून ठेवलं.

मग एक दिवस ती पिशवी शिवून घ्यायला शिंप्याकडे गेली. बघते तर शिंपी प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून मशीन चालवतोय.

"खुर्ची कुठाय?"

शिंप्यानं तोंडातल्या टाचण्या काढायला उगाच वेळ लावला. "खुर्ची ना? ती... पॉलिशला दिली."

"कुणाला?"

"दिली एकाला."

"माझ्या खुर्चीला पॉलिश लागत नाही. तेल लागतं. ते मी देते."

"हो ना," शिंपी म्हणाला, आणि एवढं मन लावून सुईत दोरा ओवायला लागला की जणू त्याचा तो पहिलाच दिवस. आत्या घरी आली ती कुठेतरी पाणी मुरतंय हे पक्कं करूनच.

त्याच आठवड्यात दुकान झाडताना तिला कोपऱ्यात पिवळा भुसा सापडला. झाडण्याचं काम ती कुणाला देत नसे, कारण भुसा खोटं बोलत नाही असं तिचं मत. सध्या दुकानात काम चाललं होतं पाडलेल्या घरातल्या जुन्या अक्रोडाचं. अक्रोडाचा भुसा काळपट. मग हा पिवळा कुठून? चिमूट उचलून तिनं नाकाशी धरली. तुती. तिनं मागच्या खोलीत जाऊन तुतीच्या उरलेल्या फळ्या मोजल्या. सगळ्या जागच्या जागी. म्हणजे कुणीतरी दुसरीकडे तुती कापत होतं आणि तिचा भुसा कपड्यांवर घेऊन इथे येत होतं. दुकानात येणारी माणसं दोनच. एक ती स्वतः.

संध्याकाळी जेवताना तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "दुपारची कुठे जातेस हल्ली?"

"मैत्रिणीकडे."

"कुठली?"

"तू ओळखत नाहीस."

आत्या गावातल्या मांजरांनासुद्धा ओळखायची. तिनं घास गिळला आणि पुढे विचारलं नाही.

टेम्पोवाल्याला तिनं चौकात गाठलं. हा तिच्या ओंडक्यांची ने-आण करणारा जुना माणूस, जिभेला हाड नसलेला. त्याला विचारलं, माझ्या खुर्च्या तू हल्ली कुठे नेतोस? तर तो तोंडातलं पान चघळायचा थांबला आणि म्हणाला, "आत्या, मला मध्ये घेऊ नका."

म्हणजे मध्ये घेण्यासारखं काहीतरी होतं.

आता चित्र स्पष्ट दिसायला लागलं. भाची तिच्या खुर्च्या लोकांकडून घेऊन जाते. त्या खोलून बघते. मापं घेते. आणि आत्याच्या नावावर तशाच खुर्च्या करून विकते. करेना का बापडी, इतकं शिकवलं ते त्यासाठीच ना? पण लाकूड? ते कुठून आणते? त्याचा बुंधा कुणी बघितला? त्या फाटलेल्या मेजाची गोष्ट जिला शंभरदा सांगितली तीच पोर कुणाचंतरी उभं झाड आडवं करून त्यावर आत्याची खूण मारत असेल, या विचारानं तिच्या अंगाचा तिळपापड झाला. रागाखाली दुसरंही काही होतं. हीसुद्धा गेली हातची, तर आता उरलं कोण? ते तिनं कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं दुकानाचं कुलूप बदललं आणि नव्या कुलपाच्या दोन्ही किल्ल्या स्वतःच्या कनवटीला लावल्या. भाची सकाळी आली, जुनी किल्ली फिरवून बघितली, मागून आलेल्या आत्याकडे बघितलं, आणि दार उघडायची वाट बघत पायरीवर बसली. एक शब्द नाही. निर्दोष माणूस भांडला असता, असं आत्याला वाटलं.

त्या दुपारी भाची निघाली तशी आत्याही निघाली. पायात वहाणा नाहीत, आवाज नको म्हणून. पंक्चरवाल्याच्या दुकानामागे पत्र्याची एक खोली होती, पूर्वी तिथे जुने टायर असायचे. भाची आत गेली. जरा वेळानं आतून करवतीचा आवाज आला. करवतीचा तो लांब, न घाई करणारा हात आत्यानंच शिकवलेला होता. तिनं दार ढकललं. टकटक न करता ती आयुष्यात पहिल्यांदाच कुठल्या दारातून आत शिरली असेल.

खोलीभर तिच्या खुर्च्या होत्या. शिंप्याची होती. दवाखान्यातली होती, वाचनालयातल्या तर ओळीनं होत्या. कुणाचे पाय काढलेले, कुणाची पाठ उतरवलेली, सांधे उघडे. मधोमध भाची, हातात करवत, केसांवर पिवळा भुसा.

"वा," आत्या म्हणाली. "कारखाना छान आहे."

"आत्या..."

"बोलू नकोस. मी बघते."

एका बाकावर लाकडाच्या सुट्या जिभा एकत्र मांडून ठेवल्या होत्या. आत्यानं खिडकीच्या उजेडात एक उचलली. टोकावर खूण होती. उभी रेघ, खाली आडवी, खोल आणि सरळ. दुसरी उचलली. त्यावरही तीच खूण, पण उभी रेघ मध्येच घसरलेली आणि आडवी तिला भेटतच नव्हती. एखाद्या पोरानं पाटीवर काढावी तशी. आत्यानं दोन्ही भाचीच्या नाकासमोर धरल्या.

"ही माझी," सरळ खूण दाखवून ती म्हणाली. "आणि ही? माझी नक्कल करायची तर नीट तरी करायचीस! इतकी वर्षं काय घासलंस? असल्या वेड्यावाकड्या रेघा माझ्या नावावर खपवतेस?"

भाचीनं करवत खाली ठेवली. तिचे डोळे भरून आले होते, पण ती बोलली ते स्पष्ट बोलली.

"आत्या, वाकडी तुझी आहे. सरळ मी काढली."

पलीकडे पंक्चरवाला ट्यूबमध्ये हवा भरत होता. आत्या दोन्ही जिभा हातात घेऊन उभी राहिली. डाव्या हातातली स्थिर होती. उजव्या हातातली थरथरत होती, आणि खिडकीतून काही वारा येत नव्हता. तिनं ती दाबून धरली. तरी थरथरत राहिली. मग तिनं कधी नव्हे ते हाताकडे तसं बघितलं, जसं ती इतकी वर्षं बाकी सगळ्यांकडे बघत आली होती.

रेघेचा स्क्रू कुणी सरकवला नव्हता. सरसवाले चोर नव्हते, कपांचे कान लहान नव्हते.

"डुगडुगायला लागल्या होत्या," भाची हळूच म्हणाली. "जुन्या नाहीत. गेल्या काही वर्षांतल्या. शिंपीकाका पहिल्यांदा मलाच सांगायला आले. म्हणाले, आत्याला नको कळायला."

"लाकूड कुठलं वापरलंस?" आत्यानं तरीही विचारलंच.

"तू जाळायला टाकतेस त्या तुकड्यांच्या पेटीतलं. शाळेतली तुती. बुंधा तूच बघितलायस."

आत्यानं मान हलवली. मग म्हणाली, "कुणाकुणाला माहीत आहे?"

भाची बाकावरचा भुसा हातानं गोळा करायला लागली.

"टेम्पोवाल्याला?"

"हो."

"वाचनालयात? दवाखान्यात?"

"हो."

"या हवा भरणाऱ्याला?"

"खोली त्यानंच दिली."

"म्हणजे सगळं गाव मिळून माझ्यापासून लपवत होतं."

"हो, आत्या."

"मग माझा संशय काही चुकीचा नव्हता," आत्या म्हणाली, आणि शिंप्याच्या खुर्चीवर मटकन बसली. खुर्ची दुरुस्त झालेली होती. ती जराही हलली नाही. आत्यानं सवयीनं हाताच्या टेकूवर दोनदा टकटक करायला गेली. बोटानं तीनदा वाजवलं. तेव्हा मात्र तिनं तो हात पदराखाली घेतला आणि रडली. भाचीनं जवळ येऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला. आत्यानं तो झटकला नाही.

घरी जाताना टेम्पोवाला चौकात दिसला, तो दुसरीकडे बघायला लागला. आत्या त्याला म्हणाली, "उद्या त्या खोलीतलं सगळं सामान दुकानात आणून टाक. पत्र्याखाली लाकूड तापतं, एवढी अक्कल तिला नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी भाची आली तेव्हा दुकान उघडं होतं. नव्या कुलपाची एक किल्ली तिच्या जागेवर, रंध्याशेजारी ठेवलेली. आत्याची पटाश्यांची पेटीही तिथेच. अक्रोडाच्या खुर्चीचा एक सांधा आत्यानं परवा बसवला होता, सरस न लावता. तिनं तो भाचीपुढे सरकवला.

"तपास."

भाचीनं सांधा हातात घेतला, किंचित हलवला आणि म्हणाली, "चांगला आहे की."

"संशय घे जरा," आत्या वैतागली. "मी मेल्यावर शिकणारेस का?"

भाचीनं परत हलवला. खाली बघत म्हणाली, "सैल आहे."

आत्यानं मान डोलावली. जीभ खाचेतून बाहेर ओढली, टोकावरची वाकडी खूण एकदा बघितली आणि अख्खी पट्टी तुकड्यांच्या पेटीत टाकली. "नवी कर. आणि टोकावर माझी खूण काढू नकोस. तुझी काय असेल ती काढ." मग तिनं फळीवरचा पॉलिश पेपर उचलला, खुर्चीचा एक पाय मांडीवर घेतला आणि दाराशी उजेडात बसली. घासायला हात स्थिर लागत नाही. थोडा हलला तरी चालतं.

दुपारपर्यंत ती घासत होती. मग पाय भाचीपुढे धरला. भाचीनं डोळे मिटले आणि लाकडावरून तळवा फिरवला, वरपासून खालपर्यंत. आत्या तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होती.

"झालं," भाची म्हणाली.

आत्यानं पाय काढून घेतला नाही. तसाच धरून ठेवला. "खरं सांग."

भाचीनं पुन्हा तळवा फिरवला. या वेळी सावकाश. खाचेच्या जरा खाली तो थांबला.

"अजून," ती म्हणाली.

आत्यानं पाय मांडीवर ओढून घेतला आणि परत घासायला लागली.